मोबाइलवर साइट उघडते, लॅपटॉपवर नाही? दोष नेटचा नसेल, ‘होस्ट्स’ फाइलचा असू शकतो

प्रवेश अर्जाची शेवटची तारीख होती आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते. माझी मामेबहीण लॅपटॉपसमोर बसून कॉलेजची वेबसाइट उघडण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. प्रत्येक वेळी स्क्रीनवर एकच उत्तर येत होतं: साइट उघडू शकत नाही. गंमत म्हणजे त्याच लॅपटॉपवर यूट्यूब चालत होतं, इन्स्टाग्राम चालत होतं. त्याच वायफायवर मामाच्या मोबाइलमध्ये कॉलेजची साइटही व्यवस्थित उघडत होती.

मग जे सगळे करतात ते आम्हीही केलं. राउटर दोनदा बंद-चालू केला, ब्राउझर बदलला, नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "लाइन ओके आहे." शेवटी मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर, फोटो आणि सहीची साइझ कमी करत करत, बारा वाजायला दहा मिनिटं असताना फॉर्म सबमिट झाला.

खरं कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. लॅपटॉप सेकंडहँड होता. गावातल्याच वेबसाइट बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेला. त्यानेच कधीतरी त्या कॉलेजच्या साइटचं काम केलं होतं आणि तेव्हा चाचणीसाठी कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली होती. काम संपलं, ओळ तशीच राहिली. पुढे तो सर्व्हर बंद झाला, पण लॅपटॉप मात्र त्याच बंद सर्व्हरचं दार वाजवत बसला होता. ती ओळ काढली आणि साइट लगेच उघडली.

त्या फाइलचं नाव आहे ‘होस्ट्स’. ती तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये आहे. ती काय करते, कशी बिघडते आणि कशी दुरुस्त करायची, हे समजून घेऊया.

होस्ट्स फाइल म्हणजे नेमकं काय?

आपण ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण इंटरनेटवर कॉम्प्युटर एकमेकांना शोधतात ते आकड्यांवरून. या आकड्यांना आयपी ॲड्रेस म्हणतात. मोबाइलमध्ये आपण ‘आई’ या नावावर बोट ठेवतो आणि फोन प्रत्यक्षात दहा आकडी नंबर लावतो, तसंच हे.

नावावरून आकडा शोधून देणारी इंटरनेटची मोठी व्यवस्था म्हणजे डीएनएस, म्हणजेच डोमेन नेम सिस्टीम. तुम्ही साइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटर साधारणपणे तुमच्या इंटरनेट कंपनीच्या किंवा गुगल, क्लाउडफ्लेअर यांच्यासारख्या कंपन्यांच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, "या नावाचा नंबर काय?"

पण बाहेर विचारण्याआधी तो स्वतःच्या खिशातली एक डायरी उघडून पाहतो. ही डायरी म्हणजे होस्ट्स फाइल. तिच्यात ते नाव सापडलं, तर कॉम्प्युटर बाहेर कुणालाच विचारत नाही. डायरीत लिहिलेला नंबर बरोबर आहे की जुना, कुणी लिहिला, कधी लिहिला, याची तो चौकशी करत नाही. लिहिलंय म्हणजे खरं, एवढंच त्याला कळतं.

डायरीत काकांचा जुना नंबर असेल तर दहा वेळा लावूनही फोन लागणार नाही. दोष नेटवर्कचा नसतो आणि काकांचाही नसतो.

आजच्या काळात अशी फाइल हवीच कशाला?

कारण ती डीएनएसपेक्षाही जुनी आहे. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. त्यावर सुरुवातीला मोजकेच कॉम्प्युटर जोडलेले होते. त्या सगळ्यांची नावं आणि आकडे एकाच यादीत मावत. ही यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जायची. तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. आपला कॉम्प्युटर यादीत घालायचा असेल तर त्यांच्या केंद्राला कळवायचं, आणि मग बाकी सगळ्यांनी ताजी यादी आपापल्या मशीनवर उतरवून घ्यायची.

कॉम्प्युटर वाढत गेले तशी ही पद्धत कोलमडू लागली. यादी मोठी झाली, बदल रोजचे झाले आणि प्रत्येकाकडची प्रत ताजी ठेवणं अशक्य झालं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एका केंद्रातल्या एका यादीऐवजी ही माहिती अनेक सर्व्हरमध्ये वाटली गेली.

मूळ यादीची गरज संपली, पण प्रत्येक कॉम्प्युटरमधली स्थानिक यादी काढून टाकली गेली नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे ती आजही आहे आणि तिला आजही पहिला मान आहे.

फाइलच्या आत काय लिहिलेलं असतं?

ही साधी टेक्स्ट फाइल आहे. एका ओळीत आधी आयपी ॲड्रेस, मग थोडी जागा आणि मग साइटचं नाव. उदाहरणार्थ:

२०३.०.११३.१० एक्झाम्पल.कॉम

(इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलंय. प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे आणि अक्षरं इंग्रजीच लागतात. हा आकडा आणि हे नाव दोन्ही केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत.)

याचा अर्थ: एक्झाम्पल.कॉम मागितलं की थेट या आकड्याकडे जा.

ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) असतं, ती कॉम्प्युटर वाचत नाही. ती माणसांसाठी लिहिलेली टीप असते. नव्या विंडोजमध्ये मूळ होस्ट्स फाइल उघडली तर सगळ्याच ओळींपुढे हॅश दिसतो. म्हणजे फाइल असते, पण तिचा कुठलाही आदेश नसतो.

दोन आकडे लक्षात ठेवा: १२७.०.०.१ आणि ०.०.०.०. पहिल्याचा अर्थ ‘हाच कॉम्प्युटर’. दुसरा म्हणजे कुठेही न नेणारा पत्ता. एखाद्या साइटसमोर यापैकी आकडा लिहिला की कॉम्प्युटर त्या साइटला बाहेर शोधतच नाही. म्हणजे साइट त्या मशीनपुरती ब्लॉक.

चुकीची ओळ येते कुठून?

आपण तर ही फाइल कधी उघडलीही नाही, मग त्यात ओळ आली कशी? साधारण पाच वाटा आहेत.

१. वेबसाइट बनवणारे. साइट नव्या सर्व्हरवर हलवण्याआधी ती नीट चालते का, हे पाहायला ते स्वतःच्या मशीनवर अशी ओळ टाकतात. ही पद्धत अगदी योग्य आहे. फक्त काम झाल्यावर ओळ काढायची राहून जाते.

२. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर. महागडं फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुणीतरी फुकट टाकून दिलेलं असतं. ते सॉफ्टवेअर परवाना तपासायला कंपनीच्या सर्व्हरशी बोलू नये, म्हणून त्या सर्व्हरची नावं होस्ट्स फाइलमध्ये ब्लॉक केलेली असतात. पुढे तुम्ही पैसे भरून खरं सॉफ्टवेअर घेता आणि त्यात लॉगिनच होत नाही!

३. व्हायरस. २००४ च्या जानेवारीत पसरलेल्या ‘मायडूम’ या वर्मच्या बी आवृत्तीने नेमकं हेच केलं होतं. तो होस्ट्स फाइल बदलून अँटीव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट्स बंद करायचा. आजारी माणसाला दवाखान्याचा रस्ताच सापडू नये, असा हा डाव.

४. जाहिराती अडवणाऱ्या याद्या. जाहिराती आणि ट्रॅकर यांची हजारो नावं असलेल्या तयार याद्या इंटरनेटवर मिळतात. त्या होस्ट्स फाइलमध्ये टाकल्या की जाहिराती कमी होतात. पण यादीत एखादं कामाचं नाव असेल, तर पेमेंटचं पान किंवा ‘लॉगिन’चं बटणही अडकू शकतं.

५. इंटरनेटवरचे ‘उपाय’. "साइट उघडत नाही? ही ओळ पेस्ट करा." हा प्रकार सगळ्यात जास्त काळजी करण्यासारखा आहे. त्याकडे पुढे येऊ.

दोष होस्ट्स फाइलचाच आहे, हे कसं ओळखायचं?

लक्षणं साधी आहेत. बाकी सगळ्या साइट्स चालतात, एखादीच उघडत नाही. तीच साइट त्याच वायफायवर दुसऱ्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उघडते. आणि तुमच्या मशीनवर मात्र कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडत नाही. ब्राउझर बदलून साइट उघडली, तर दोष बहुतेक पहिल्या ब्राउझरच्या कॅशेचा किंवा एक्स्टेन्शनचा असतो.

थोडी खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये स्टार्टमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पिंग’ टाइप करा, एक स्पेस द्या, साइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. कॉम्प्युटर ज्या आकड्याकडे जातोय तो दिसेल. मग ‘पिंग’च्या जागी ‘एनएसलुकअप’ (सलग, इंग्रजी अक्षरांत) लिहून तेच करा.

फरक असा, की पिंग तुमची होस्ट्स फाइल मानतो, तर एनएसलुकअप ती बाजूला ठेवून थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंगमध्ये १२७.०.०.१ दिसला आणि एनएसलुकअपमध्ये वेगळाच आकडा आला, तर चोर जवळपास सापडलाच. मात्र मोठ्या साइट्सचे अनेक आयपी ॲड्रेस असतात. त्यामुळे दोन साधे आकडे वेगळे दिसले म्हणजे गडबड आहेच, असं नाही. अंतिम उत्तर फाइल उघडूनच मिळतं.

विंडोजमध्ये दुरुस्ती कशी करायची?

१. स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा. त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. ही पायरी चुकवली तर फाइल उघडेल, पण सेव्ह होणार नाही.

२. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन. आता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हर्स आणि ईटीसी या फोल्डरमध्ये क्रमाने जा.

३. फोल्डर रिकामं दिसेल. घाबरू नका. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता होस्ट्स फाइल दिसेल.

४. काहीही बदलण्याआधी फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवा.

५. जी साइट उघडत नाही, तिच्या नावाची ओळ शोधा. ओळ पुसू नका. तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह द्या. ओळ निष्क्रिय होईल आणि चूक झाली तर परत चालूही करता येईल.

६. कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करा. फाइलच्या नावापुढे ‘.टीएक्सटी’ लागू देऊ नका. होस्ट्स फाइलला एक्स्टेन्शन नसतं. ते लागलं तर विंडोज त्या फाइलकडे बघतही नाही, आणि आपण ‘बदल केला तरी फरक पडत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसतो.

७. कॉम्प्युटर जुनी उत्तरं काही काळ लक्षात ठेवतो. ती पुसायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, मग स्पेस, मग स्लॅश आणि लगेच ‘फ्लशडीएनएस’ असं इंग्रजीत टाइप करा. हे नको वाटलं तर कॉम्प्युटर सरळ रीस्टार्ट करा.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूमध्ये ‘गो टू फोल्डर’ निवडून ‘प्रायव्हेट’मधल्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये जा. होस्ट्स फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, टेक्स्टएडिटमध्ये बदल करून सेव्ह करा आणि परत त्याच फोल्डरमध्ये टाका. मॅक पासवर्ड विचारेल. मात्र मॅकमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि ‘ब्रॉडकास्टहोस्ट’ लिहिलेल्या ओळी मुळातच असतात. त्यांना हात लावू नका.

आणि हो, लॅपटॉप ऑफिसचा असेल तर थांबा. कंपनीच्या आयटी विभागाने काही ओळी मुद्दाम टाकलेल्या असू शकतात. आधी त्यांना विचारा.

नवी ओळ टाकून बंद साइट उघडता येते का?

क्वचित. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

डीएनएस सर्व्हर बिघडला असेल आणि साइट स्वतः ठीक असेल, तर तिचा योग्य आकडा लिहून काम भागू शकतं. पण अशा वेळी दुसरा डीएनएस सर्व्हर निवडणं जास्त सोपं आणि टिकाऊ असतं.

साइटच बंद असेल, तर होस्ट्स फाइल काहीच करू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. कंपनीचं अंतर्गत नेटवर्कच तुटलं होतं आणि तिच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे मार्ग इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. त्या रात्री तुमच्या डायरीत बरोबर नंबर असता तरी पलीकडे फोन उचलायला कुणी नव्हतं.

सरकारी आदेशाने बंद केलेल्या साइट्सचंही तसंच. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ए खाली साइट ब्लॉक करता येते. काही इंटरनेट कंपन्या फक्त डीएनएसमध्ये अडवतात, पण काही थेट कनेक्शनमध्ये दिसणारं साइटचं नाव पाहून अडवतात. तिथे होस्ट्स फाइलचा उपयोग होत नाही.

शिवाय मोठ्या साइट्सचे आयपी ॲड्रेस बदलत राहतात. आज पेस्ट केलेली ओळ आज चालेल, पण काही महिन्यांनी तोच आकडा मेलेला असेल. तोवर तुम्ही ती ओळ विसरलेले असाल. मामेबहिणीच्या लॅपटॉपसारखंच.

अनोळखी ओळ पेस्ट करणं धोक्याचं का?

फसव्या साइट्सपासून वाचण्यासाठी आपल्याला एक सल्ला नेहमी दिला जातो: ॲड्रेस बारमधलं स्पेलिंग नीट बघा. फिशिंगच्या लिंकमध्ये नाव थोडं वेगळं असतं, त्यामुळे हा सल्ला कामी येतो.

पण होस्ट्स फाइलमध्ये तुमच्या बँकेच्या नावासमोर भलत्याच सर्व्हरचा आकडा लिहिला असेल तर? तुम्ही बँकेचं नाव स्वतः, अचूक टाइप कराल. ॲड्रेस बारमध्येही अचूक नावच दिसेल. आणि समोर उघडलेलं पान मात्र चोराचं असेल. या प्रकाराला ‘फार्मिंग’ म्हणतात. इथे स्पेलिंग तपासून काहीच कळत नाही.

अशा वेळी वाचवू शकते ती ब्राउझरची सुरक्षेची सूचना. बँकेच्या नावाचं खरं सुरक्षा प्रमाणपत्र नकली सर्व्हरकडे नसतं, म्हणून ब्राउझर ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा देतो. आपल्यापैकी अनेक जण घाईत ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करून पुढे जातात. बँक, यूपीआय, ईमेल किंवा सोशल मीडियाच्या बाबतीत हे कधीही करू नका. आणि व्हायरसने कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं खोटं प्रमाणपत्रही बसवलं असेल, तर हा इशारासुद्धा येणार नाही.

म्हणून एखाद्या व्हिडिओत किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये सांगितलेली ओळ पेस्ट करणं म्हणजे आपली डायरी अनोळखी माणसाच्या हातात देऊन ‘यात हवं ते लिही’ म्हणण्यासारखं आहे.

फाइलमध्ये बँकेचं, ईमेलचं किंवा अँटीव्हायरसचं नाव दिसलं, किंवा काढलेल्या ओळी पुन्हा पुन्हा परत येत असतील, तर मशीनमध्ये कुणीतरी बसलेलं आहे असं समजा. अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित डिव्हाइसवरून बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मग या फाइलचा चांगला उपयोग नाहीच का?

आहे की! परीक्षेच्या दिवसांत लॅपटॉपवर इन्स्टाग्राम बंद ठेवायचंय? १२७.०.०.१ समोर त्याचं नाव लिहा. पण होस्ट्स फाइल अगदी शब्दशः वाचते. साइटचं नाव सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याशिवाय, अशा दोन्ही प्रकारे लिहावं लागतं. आणि हा कुलूपबंद दरवाजा फक्त त्याच लॅपटॉपला असतो. हातातला मोबाइल मोकळाच राहतो, हे वेगळं सांगायला नको.

नवा किंवा सेकंडहँड कॉम्प्युटर हातात आला की आपण वॉलपेपर बदलतो, ब्राउझर टाकतो, पासवर्ड ठेवतो. त्याच वेळी ही फाइलही एकदा उघडून बघा. दोन मिनिटं लागतात. विंडोजमध्ये हॅश नसलेली एकही ओळ दिसली नाही, तर उत्तम. दिसलीच, तर ती कुणी आणि कशासाठी लिहिली ते शोधा. हे काम निवांत असताना केलेलं बरं, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला रात्री साडेदहा वाजता नको.